काचेवर उजेडाने उठणारे ठिपके

भात लावणी उरकली, की वेल्ह्यात आणि भोरच्या पश्चिमेकडच्या गावांत शेतकऱ्यापुढे आणखी एक काम असतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पूर्वी तलाठी करायचा, आता ती खातेदाराने स्वतः मोबाइलवर करायची. गट क्रमांक निवडायचा, क्षेत्र भरायचं, पीक निवडायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. खरिपाची ही नोंद येते ऐन पावसात, आणि गुंजण मावळात किंवा हिरडस मावळात त्या दिवसांत पाऊस उघडीप देईलच असं नाही. हात ओले, पेरांवर चिखल सुकलेला, पडद्यावर थेंब. ‘भात’ या शब्दावर बोट टेकवावं तर यादीच वर सरकते. पुन्हा टेकवावं तर खालचं भलतंच पीक निवडलं जातं. काच पुसायला सदऱ्याचा कोपरा धरावा, तर तोही भिजलेला. लावणी, बेणणी करून ज्यांच्या बोटांची कातडी जाड आणि भेगाळलेली झाली आहे, त्यांचं बोट तर काचेला कधी कधी ओळखूच येत नाही.

यात दोन अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली पडद्याची. काचेखाली विद्युतभाराची बारीक जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथला भार बदलतो. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी ही कल्पना मांडली, आजचा प्रत्येक स्मार्टफोन तिच्यावरच चालतो. पाण्यानेही तोच भार बदलतो, म्हणून पावसात पडदा गोंधळतो. यावर कंपन्यांनी पुष्कळ उपाय केले आहेत आणि ते सुधारत राहतील. दुसरी अडचण बोटाची आहे, आणि तिच्याकडे बाजाराने फार थोडं लक्ष दिलं. पडद्याला बोट कळतं, पण बोटाला पडदा कळत नाही. बटण कुठे सुरू झालं, कुठे संपलं, दाबलं गेलं की नाही, हे सगळं डोळ्यांवर सोपवलेलं आहे. या लेखात मी पाहणार आहे ते या दुसऱ्या अडचणीवर जगात काय काय झालं, आणि त्यात उजेडाचा नवा मार्ग कुठे बसतो.

२००३ मध्ये आलेला नोकियाचा ११०० हा फोन आपल्या खेड्यापाड्यांत किती चालला, हे वेगळं सांगायला नको. धूळ आत जाऊ न देणारी रबरी बटणं, डोक्यावर विजेरी, आणि पाचच्या बटणावर बोटाला लागणारी एक बारीक खूण. त्या खुणेवर अंगठा आला की बाकीची अकरा अंक-चिन्हं कुठे आहेत ते न पाहता कळायचं. अंधारात, खिशात, एका हातात जनावराचं दावं धरलेलं असतानाही नंबर लावता यायचा. २००७ नंतर फोनांवरची बटणं गेली. मोबदल्यात नकाशे, फोटो, व्हिडिओ, बँक असं खूप काही मिळालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या व्यवहारात स्पर्श गमावला, आणि तो परत मिळवणं ही चैनीची गोष्ट आहे असं मानलं गेलं, हे मला मान्य नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हा प्रश्न सोयीचा नसून हक्काचा आहे. आज अंध माणूस स्मार्टफोन वापरतो तो कानाच्या जोरावर. बोट फिरेल तिथलं नाव फोन बोलून दाखवतो, मराठीतही बोलतो. हे मोठंच काम झालं आहे. पण एसटीच्या गर्दीत आवाज ऐकू येत नाही, आणि दुकानातल्या कार्डाच्या यंत्रावर आता बटणांऐवजी काच आली, तर गुप्त आकडा भरायचा कसा? तो मोठ्याने बोलून दाखवून चालत नाही. आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. नुसतं ऐकून माणूस सुशिक्षित होऊ शकतो, पण त्याला लिहिता येईलच असं नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, अनुस्वार, परिच्छेद कुठे तुटला, हे बोटाखालच्या अक्षरांतूनच मनात बसतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. कायद्याने दार उघडलं आहे, आता यंत्राने साथ द्यायची आहे.

बोट कमी पडतं असं कुणी म्हणू नये. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सुरकुत्यांचे कृत्रिम पृष्ठभाग करून पाहिलं, तेव्हा अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक बोटांना कळला. केसाची जाडी याच्या हजारो पट असते. बोटाच्या टोकाला वेगवेगळ्या कामांचे मज्जातंतू आहेत. काही कडा आणि उंचवटे ओळखतात, काही बोट घसरत असताना होणारी बारीक थरथर टिपतात, आणि काही सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणाऱ्या कंपनाला सर्वांत जास्त जागे होतात. काचेने ही सारी यंत्रणा बिनकामाची करून ठेवली आहे.

पहिला उपाय कंपनाचा, आणि तोच आजवर खिशापर्यंत पोचला. फोनातली छोटी मोटर अंग हलवते आणि ‘दाबलं’ असा निरोप देते. या उपायाची मर्यादा उघड आहे. सगळा फोन हलतो, त्यामुळे काहीतरी झालं हे कळतं, कुठे झालं हे कळत नाही. २००८ मध्ये ब्लॅकबेरीने अख्खा पडदाच एका मोठ्या बटणासारखा दाबला जाईल असा फोन काढला, तो लोकांनी स्वीकारला नाही. २०१२ च्या सुमारास टॅक्टस नावाच्या कंपनीने काचेवरच्या थरात द्रव ढकलून बटणं वर उठवून दाखवली. उठायची ती ठरलेल्या जागीच, त्यामुळे दुसरं चित्र आलं की उपयोग संपला.

दुसरा उपाय घर्षणाचा, आणि त्याची हकिगत रंजक आहे. एडवर्ड मॅलिंक्रॉट यांना एक विजेचं उपकरण चालू असताना त्याच्या धातूवर बोट फिरवलं की वेगळंच, खरखरीत लागतं असं जाणवलं. त्याचा छडा लावून त्यांनी १९५३ मध्ये निबंध लिहिला. पातळ विद्युतरोधक थराखाली बदलता दाब असेल, तर बोट हळूच ओढलं जातं आणि सुटतं, आणि घसरणाऱ्या बोटाला तो पृष्ठभाग खडबडीत वाटतो. २०१० मध्ये डिझ्नीच्या संशोधकांनी हेच तत्त्व पडद्यावर आणलं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने उलट वाट धरली. काच कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरवली की बोट आणि काच यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि काच निसरडी लागते. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या स्पर्श प्रयोगशाळेत एम. मणिवण्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘आयटॅड’ नावाचा पडदा पुढे आणला. त्यात कडा, खळगे, मऊ-खरखरीतपणा सॉफ्टवेअरने बदलता येतो आणि एकही भाग हलत नाही. भारतातलं हे काम महत्त्वाचं आहे. कापडाचा पोत खरेदीआधी बोटाला जाणवावा, असल्या उपयोगांना ते उत्तम.

पण घर्षणाच्या सगळ्या पद्धतींना एक गाठ आहे. बोट चालत असेल तोवरच काही जाणवतं, थांबलं की काच पुन्हा काचच. शिवाय बऱ्याच मांडण्यांत पडद्यावर दोन बोटं ठेवली तर दोन्हींना एकच गोष्ट जाणवते. ब्रेल वाचणाऱ्याची बोटं ओळीवर एकापाठोपाठ एक चालतात, मध्येच थबकतात, मागे जाऊन ठिपका तपासतात. त्यांना आभासाने भागत नाही, जागेवर खरा उंचवटा लागतो. आणि विजेच्या ओढीने चालणारी पद्धत ओलसर बोटापुढे मंदावते. जुलै-ऑगस्टच्या वेल्ह्यात बोट कोरडं असण्याची खात्री कोण देणार?

म्हणून माझ्या मते खरी कसोटी एकच: पृष्ठभाग ठरल्या जागी वर येतो का, आणि हवा तसा बदलतो का? हे ब्रेलच्या जगाने आपल्या परीने सोडवलेलं आहे. पुण्यातल्या कोरेगाव पार्क आणि कोथरूडच्या अंधशाळांत मुलं ज्या सहा ठिपक्यांवर वाचायला शिकतात, त्यांचं भारतीय भाषांसाठीचं समान रूप, म्हणजे भारती ब्रेल, १९५१ मध्ये ठरलं. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक काढलं. मराठीत अंध वाचकांना स्वतःच्या बोटांनी वाचता येणारं वृत्तपत्र मिळालं ते तेव्हा. पण ब्रेल कागद जाड, बाडं अवजड, आणि आजची बातमी उद्या छापून येणं अवघड. त्यावर उपाय म्हणून फिरते ब्रेल पडदे आले. छोट्या खिळ्या वर-खाली होतात आणि ओळ वाचून झाली की दुसरी ओळ उठते. आयआयटी दिल्लीचं ‘डॉटबुक’ २०१९ मध्ये आलं, मुंबईतल्या इनोव्हिजन या कंपनीने चुंबकाच्या जोरावर चालणारं २० अक्षरी ‘ब्रेल मी’ केलं.

२० अक्षरं म्हणजे १२० ठिपके. इथेच सगळी गोम आहे. नेहमीच्या रचनेत प्रत्येक ठिपक्याला स्वतःची हालचाल करणारा भाग लागतो, त्याला वीज पोचवावी लागते, आणि कुणी कधी उठायचं ते सांगावं लागतं. १२० ठिपक्यांचे हजार केले की भाग, जोडण्या, बिघाड आणि किंमत सगळंच त्या पटीत वाढतं. कोरियातल्या डॉट कंपनीने २४०० खिळ्यांचा पट केला, तेव्हा ही अडचण ओलांडता येते हे दिसलं. पण अशी साधनं व्यक्तीच्या आवाक्यात नाहीत, संस्थेला घ्यावी लागतात.

उजेडाचं काम सुरू होतं ते या जागी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत यॉन व्हिसेल यांची प्रयोगशाळा स्पर्शावर काम करते. २०२१ च्या सप्टेंबरअखेर त्यांनी मॅक्स लिनँडर या नव्या संशोधक विद्यार्थ्यापुढे प्रश्न ठेवला: ज्या उजेडाने चित्र दिसतं, त्याच उजेडाने ते बोटाला जाणवेल असं करता येईल का? वर्षभर गणितं आणि संगणकावरची अनुमानं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये लिनँडर यांनी एकच ठिपका करून दाखवला. छोट्या लेझरचा झोत पडला की तो उठायचा, आणि त्याच्या आत विजेचा एकही भाग नव्हता. २०२५ मध्ये ‘सायन्स रोबोटिक्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, तोवर एका पटावर १,५११ ठिपके झाले होते.

रचना मनात धरायला सोपी आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे हवेची इवलीशी कुपी. तिच्यात ग्रॅफाइटचा अतिशय पातळ काळा पापुद्रा टांगलेला आणि वर ताणलेलं लवचीक पटल. झोत पापुद्र्यावर पडतो, काळा रंग तो पिऊन घेतो, पापुद्रा तापतो, त्याच्या लगतची हवा तापते आणि पसरते. तव्यावर भाकरीचा वरचा पदर आतल्या वाफेने सुटून फुगतो, तसं वरचं पटल फुगतं, एक मिलिमीटरपर्यंत. कागदावरचा ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे हा उंचवटा बोटाला भरपूर झाला. नेहमीच्या तापमानाला हवा दर अंशाला सुमारे तीनशेवा भाग पसरते, म्हणजे दहा टक्के फुगायला तीसेक अंश तापावी लागते. हे क्षणात होतं ते पापुद्र्याला जवळजवळ वजनच नसल्यामुळे. निबंधात प्रतिसादाचा वेळ २ ते १०० मिलिसेकंद दिला आहे. तेवढ्यात ठिपका सावकाश उठूही शकतो आणि थरथरूही शकतो. लोकांना बोट ठेवायला लावून केलेल्या चाचण्यांत त्यांना ठिपक्यांची जागा आणि सरकते आकार चांगले ओळखता आले.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट फुगण्याची वाटत नाही. मोलाची आहे ती ही, की झोतच शक्ती पोचवतो आणि झोतच निवड करतो. हलत्या आरशाने झोत या कुपीवरून त्या कुपीवर फिरवला की झालं. ठिपके वाढवले तरी त्यांच्यामागे तारांचं जंजाळ वाढत नाही. संख्या वाढली की किंमत भडकते, ती गाठ इथे सैल होते.

कल्पनेचं मूळ मात्र जुनं आहे. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी सूर्यकिरणांवरून बोलणं पाठवणारा ‘फोटोफोन’ केला. त्याच प्रयोगमालिकेत त्यांना दिसलं, की उजेड भराभर तोडत एखाद्या वस्तूवर टाकला तर ती वस्तू स्वतःच आवाज करते, आणि काजळी सर्वांत मोठ्याने. काळ्या थराने उजेड पिणं, तापणं, लगतची हवा पसरणं, हे सगळं तेव्हाच हाती आलं होतं. त्यांनी ते कानाने ऐकलं, आता ते बोटाने अनुभवता येतं.

उजेडाच्या आणखी वाटाही चोखाळल्या गेल्या. युरोपातल्या ‘नॉम्स’ प्रकल्पात बार्सिलोनाच्या संशोधकांच्या पुढाकाराने, उजेड पडला की आकसणाऱ्या खास रबरी पदार्थातून अंधांसाठी स्पर्शपाटी करण्याचा प्रयत्न झाला. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाचे योइची ओचिआई यांनी २०१५ मध्ये अतिशय छोट्या स्पंदांच्या लेझरने हवेतच चकाकणारे बिंदू उभे केले, आणि त्यांना बोट लावता येत होतं. पाहायला ते विलक्षण आहे. पण हवेत पेटलेल्या लेझरला शाळकरी मुलाने हात लावावा, असं मला तरी वाटत नाही. बंद कुपीत राहणारा आणि बोटापर्यंत न येणारा उजेड ही सांता बार्बराच्या रचनेची जमेची बाजू आहे.

अडचणी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. काळा पापुद्रा उजेड खातो, म्हणून ज्या पडद्यावर स्वच्छ रंगीत चित्र हवं त्याच पडद्यावर हा उठाव बसवणं सोपं नाही. झोत मागून टाकायचा तर मागे जागा लागते, फोनाच्या जाडीत ती नाही. एकच झोत सगळ्या ठिपक्यांवर फिरवायचा म्हटलं, की ठिपके जितके जास्त तितका प्रत्येकाच्या वाट्याला वेळ कमी. पटल फाटलं तर लेझर उघडा पडता कामा नये, याची तजवीज हवी. कुप्या पक्क्या बंद असतील, तर बाहेरच्या हवेचा दाब आणि उष्मा यांनीही त्या फुगतील-बसतील. मैदानातल्या शाळेत जुळवलेला पट घाटमाथ्यावर नेला तर पुन्हा जुळवावा लागेल. आणि चार महिन्यांच्या दमट हवेत त्या पातळ पटलाला बुरशी, चिकटपणा, धूळ यांपासून जपायचं कसं, हे इथेच तपासून पाहावं लागेल. तेव्हा पीक पाहणीच्या फोनावर हा उठाव लवकर येईल, अशी आशा मी कुणाला दाखवणार नाही. तो आधी यायला हवा तो भिंतीला किंवा टेबलाला बसवलेल्या मोठ्या पाटीवर.

अशा पाटीला भोर-वेल्ह्यात काम आहे. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे, आणि ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातल्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राजगड आहे. ज्याला दिसत नाही त्याने राजगड समजून घ्यायचा कसा? ‘मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या’ हे वाक्य ऐकून आकार मनात उभा राहत नाही. १,५११ ठिपके म्हणजे ३९ ओळी आणि प्रत्येकीत जवळजवळ ३९ ठिपके. गडाचा तीन-चार किलोमीटरचा पसारा त्यावर मांडला, तर एका ठिपक्याच्या वाट्याला शंभरेक मीटर येतील. पद्मावतीचा रुंद भाग, दूरवर गेलेली संजीवनीची चिंचोळी सोंड, पूर्वेकडची सुवेळा, आणि मधला बालेकिल्ला, एवढं तळहाताखाली नक्की ओळखू येईल. सुवेळा माचीवरचं नेढं त्यात हरवेल. पण पाटी बदलती आहे, हेच तिचं बळ. एकटी सुवेळा पटभर मोठी करायची आणि कड्यातलं ते आरपार भोक बोटाने शोधायला लावायचं. मग संजीवनीवर जायचं आणि दुहेरी तटाच्या दोन रेघा, मधली चिंचोळी वाट, बुरुजांची वळणं एकेक करून वाचायची. धातूचं किंवा मातीचं शिल्प सुंदर असतं, पण ते एकाच मापात थांबतं. उजेड कमी-जास्त करून उंचवटा कमी-जास्त ठेवता आला, तर माची आणि बालेकिल्ला यांच्या उंचीतला फरकही कळेल.

दुसरं काम याहून निकडीचं. सातबारा हा तक्ता आहे. वर गाव नमुना सात, खाली बारा. एका रकान्यात भूमापन क्रमांक, दुसऱ्यात खातेदारांची नावं, मग क्षेत्र, आकार, इतर हक्कांत बोजा, खाली हंगामवार पिकं. भावकीतल्या वाटण्यांत कुणाचं नाव राहिलं आणि कुणावर बोजा चढला, हे कोणत्या रकान्यात काय आहे त्यावर ठरतं. एका ओळीच्या ब्रेल पडद्यावर तक्ता वाचताच येत नाही, आणि फोनने तो मोठ्याने वाचून दाखवला की घरचं सगळं शेजारपाजाऱ्यांना कळतं. अंध खातेदाराला स्वतःच्या जमिनीचा उतारा स्वतःच्या बोटांनी, आडवा आणि उभा, एकट्याने वाचता यावा, यासाठी अनेक ओळींचा पट लागतो. आजच्या १,५११ ठिपक्यांत ब्रेलची सुमारे २५० अक्षरं मावतात. ब्रेल कागदाच्या पूर्ण पानावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे १,००० अक्षरं आणि ६,००० ठिपके बसतात. आज दाखवलेल्या पटाच्या चौपट मोठा पट झाला, की उताऱ्याचं एक पान त्यावर अखंड उठेल.